चौथ्या प्रश्नाचं उत्तर

"शिक्षण?" कुंभोजकरांनी विचारलं.

"बारावी," मी म्हणाले.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. कुंभोजकर कॉलेजच्या परीक्षा विभागातले जुने क्लार्क. मी ज्या वाचनालयात काम करते तिथे ते दर शनिवारी बायकोसाठी दोन कादंबऱ्या न्यायला यायचे. एम.ए.ला तुमचा विषय कोणता होता, असं त्यांनीच मला एकदा काउंटरवर उभं राहून विचारलं होतं.

"बारावी?"

"बारावी."

"बरं." त्यांनी फॉर्मवर तसं लिहिलं, आईच्या नावावर आडवी रेघ मारली आणि वर माझं नाव घातलं. "नाहीतर आता साडेदहाला मी दुसरा लेखनिक कुठनं पैदा करू? आणि आई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत," मी म्हणाले. पाच मिनिटांतलं हे दुसरं खोटं.

अंध विद्यार्थी परीक्षेत उत्तर तोंडी सांगतो आणि लेखनिक ते उत्तरपत्रिकेत उतरवतो. लेखनिकाचं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा कमी असावं, असा नियम आहे. म्हणजे त्यानं पदरचं काही घालू नये. माझी आई, विमल मगदूम, जुनी अकरावी. त्यामुळे बी.ए.च्या मुलांना ती बरोबर चालायची. "माझं राहिलेलं शिक्षण एवढ्या एकाच ठिकाणी उपयोगी पडतं," असं ती म्हणायची. चौदा-पंधरा वर्षं ती हे काम करत होती. सांगलीत तिला त्यासाठी लोक ओळखायचे. एकदा शाल-श्रीफळ झालं होतं. त्या वेळचा फोटो तिनं कपाटाच्या आत, साड्यांच्या मागे ठेवला होता.

ही एकोणीसशे नव्व्याण्णवच्या एप्रिलमधली गोष्ट.

त्या दिवशी सकाळी मी मिरजेला दवाखान्यात होते. आईची फुप्फुसं थकली होती. नऊ दिवस ती ऑक्सिजनवर होती. बोलायचं असलं की मास्क दोन बोटांनी वर उचलायची, दोन-तीन शब्द बोलायची आणि परत खाली सोडायची. डॉक्टर सातला येऊन गेले. त्यांनी मला व्हरांड्यात बोलावलं, माझ्याकडे न बघता घड्याळाचा पट्टा नीट केला आणि म्हणाले, "आज फार लांब जाऊ नका."

मी आत आले. आईची धाकटी बहीण, पुष्पामावशी, उशाशी बसून मोसंबं सोलत होती. ते कुणी खाणार नव्हतं.

आईनं मास्क उचलला. "किती तारीख?"

"बारा."

"वैजयंताचा पेपर."

मी म्हणाले, कॉलेजात फोन करते, ते कुणीतरी बघतील. आईनं मान हलवली. मागच्या खेपेला असंच झालं होतं. आईला पहिल्यांदा दम लागला तो नेमका परीक्षेत, आणि कॉलेजनं टायपिंग क्लासमधली एक मुलगी आणून बसवली. तिचं अक्षर तपासणाऱ्याला लागलं नाही की काय, पण वैजयंता कोळेकर त्या एका पेपरात नापास झाली. नीतिशास्त्र. तेवढा एकच पेपर राहिला होता. तो निघाला तर पुण्याला अंधशाळेच्या शिक्षिकेचा कोर्स होता, प्रवेशाचं पत्रही आलं होतं. नाही निघाला तर भाऊ तिला कवठ्याकडच्या आपल्या गावी नेणार होता. तिथं एक स्थळ बघून ठेवलं होतं. बिजवर, दोन मुलांचा बाप. भावाचं म्हणणं, तिला दिसत नाही म्हटल्यावर आपण काय काय बघायचं.

"तू जा," आई म्हणाली.

"आई, डॉक्टर म्हणाले..."

"म्हणून. जा."

मावशीनं मोसंबं खाली ठेवलं. "अगं विमल, काहीतरीच काय. पोरीनं आज इथं असायला नको? जगाचं राहू दे की एक दिवस."

आईनं तिच्याकडे पाहिलंच नाही. पुन्हा मास्क उचलला आणि मला म्हणाली, "बारावी सांग." मग दोन श्वास घेतले. "शाईचं पेन ने. बॉलपेन नको."

मला नवल वाटलं ते बारावीचं. आई कामात फार कडक होती. विद्यार्थ्यानं सन चुकीचा सांगितला तर ती तोच चुकीचा सन लिहायची आणि घरी येऊन जेवताना हळहळायची, पण लिहिताना तोंडातून ब्र काढायची नाही. ती मला खोटं सांगायला सांगत होती.

साडेनऊला मी तिच्या पायांना हात लावून निघाले. मावशी दारापर्यंत आली.

कॉलेजात अंध मुलांना वेगळ्या खोलीत बसवायचे. त्या वर्षी जिमखान्याची खोली होती. भिंतीला कॅरम टेकवून ठेवलेले, कोपऱ्यात चटया आणि खिळ्यांवर लेझमी टांगलेल्या. पंखा लावला की त्या अगदी बारीक वाजायच्या. पर्यवेक्षक म्हणून एक तरुण प्राध्यापिका होत्या. त्या खिडकीशी बसून दुसऱ्या कुठल्यातरी पेपरांची बेरीज तपासत होत्या.

वैजयंता भावाच्या कोपराला धरून आली. तेवीस वर्षांची, ठेंगणी, केसांना चापून तेल. मी उठून दोन पावलं पुढे गेले, तशी ती थांबली.

"काकू नाहीत," ती म्हणाली.

"मी शैला. त्यांची मुलगी. आईला जरा ताप आहे."

तिनं तोंड माझ्याकडे केलं. थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "एम.ए.वाल्या."

"गप."

ती हसली. भाऊ बाहेर गेला. बसल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, तो प्रश्नपत्रिकेचा नव्हता. "पेन कुठलं आणलंय?"

"शाईचं. आईचंच."

"मग झालं."

अकराला सुरुवात झाली. अंध मुलांना त्या वर्षीपासून तीन तासांवर तासभर जादा मिळत होता, म्हणजे तीन वाजेपर्यंत. मी प्रश्न वाचून दाखवले. तिनं क्रम ठरवला आणि सांगायला लागली. तिची सांगायची पद्धत ठरलेली होती. वाक्य संपलं की "पूर्णविराम" म्हणायची, आणि "परिच्छेद" म्हटलं की पाण्याचा एक घोट घ्यायची. बोलण्यात कवठ्याकडचा हेल होता, पण उत्तर सांगताना तो पूर्ण जायचा आणि छापल्यासारखी भाषा यायची. मी भराभर उतरवत होते. पहिलं उत्तर संपायला आलं आणि ती मध्येच थांबली.

"ताई, तुमचं पेन बोलत नाही."

"म्हणजे?"

"काकूंचं बोलतंय. बरोबर सांगत असले की सरसर जातंय. चुकले की हळू हुतंय. लईच चुकले तर थांबतंय. तुमचं आपलं एकसारखं."

मी पेनाकडे पाहिलं. जुनं, जाड निबाचं, कागदावर खरखरणारं पेन. आई तेच का वापरते, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"आई मुद्दाम करते?"

"मी विचारलंवतं एकदा. म्हणल्या, छे गं, लिहिता लिहिता मला डुलकी येती."

पर्यवेक्षिकेनं मान वर केली. "बोलायचं ते उत्तरच बोला."

दुसऱ्या उत्तरात वैजयंताची गफलत झाली. माणूस सुखच शोधतो, हे एक मत आणि त्यानं सुखच शोधलं पाहिजे, हे दुसरं. दोन्हींची नावं तिनं उलटीसुलटी केली. तिथून पुढचा सगळा मजकूर चुकीच्या नावाखाली जाणार होता. माझा हात चालतच होता. मग मी तो हळू केला. एकेक अक्षर, जड हातानं. वैजयंता बोलायची थांबली. तिचे ओठ दोनदा हलले.

"मागची दोन वाक्यं खोडा," ती म्हणाली.

मी खोडली. तिनं नावं बरोबर लावली आणि माझं पेन सरसर निघालं. मला त्या वेळी जे वाटलं त्याला आनंदच म्हणावं लागेल. नऊ दिवसांत असं काही वाटलं नव्हतं.

चौथ्या प्रश्नाला आम्ही आलो तेव्हा दीड वाजून गेला होता. प्रश्न असा होता: 'मनुष्याची प्रत्येक कृती अखेर स्वतःच्या सुखासाठीच असते, या मताचे उदाहरणासह परीक्षण करा.' वीस गुण.

वैजयंता जरा हसली. "हे पुस्तकात न्हाई, पण येतंय मला," असं म्हणून तिनं पाणी पिऊन सुरुवात केली.

"काही विचारवंतांच्या मते माणूस दुसऱ्यासाठी जे करतो तेही अखेर स्वतःसाठीच असते. पूर्णविराम. उदाहरणार्थ, माझ्या परिचयाच्या एक बाई आहेत. पूर्णविराम. त्या अंध विद्यार्थ्यांचे पेपर लिहितात. पूर्णविराम. त्या बदल्यात काहीही घेत नाहीत. पूर्णविराम. गावातील लोक त्यांना निःस्वार्थी म्हणतात. पूर्णविराम."

मी लिहीत होते. आई कागदावर येत होती आणि ती माझ्याच हातून येत होती, याची मला गंमत वाटली. परत गेल्यावर तिला सांगायचं, असंही मनात आलं.

"मी त्यांना एकदा याचे कारण विचारले. पूर्णविराम. त्या म्हणाल्या, स्वल्पविराम, माझ्या घरी अंथरुणाला खिळलेला माणूस आहे. पूर्णविराम. पेपरच्या तीन तासांत मला कोणी हाक मारत नाही. पूर्णविराम. मी तुमच्यासाठी येत नाही, स्वल्पविराम, त्या तीन तासांसाठी येते. पूर्णविराम."

अंथरुणाला खिळलेला माणूस म्हणजे माझे वडील. मी बारावीला असताना त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, एक हात तेवढा राहिला. उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा असायचा. काही हवं असलं की ते चमचा पेल्यावर वाजवायचे. चौदा वर्षं वाजवला. दोन वर्षांपूर्वी ते गेले. आई लेखनिक म्हणून जायला लागली ती त्यांच्या आजारपणातच, माझ्या स्वतःच्या परीक्षेच्या दिवसांत. दुसऱ्यांची मुलं पास करायला ती साडी नेसून निघायची आणि मी पुस्तक उघडून पेल्याच्या आवाजाची वाट बघत बसायचे. एकदा मी तिला तसं तोंडावर बोलले होते, की तुला जगाची दया येते आणि माझी येत नाही. ती चप्पल घालत होती. म्हणाली, "आले तासातीनात." आणि गेली.

माझ्या हातानं 'त्या म्हणाल्या' एवढं लिहिलं होतं आणि पुढचा स्वल्पविराम दिला होता. पुढचं वाक्य माझ्या हातून उतरेना, आणि थांबणंही शक्य नव्हतं. समोर कान देऊन बसलेली ही मुलगी पेनाचा एकेक ओरखडा ऐकत होती. वाक्य गाळलं असतं तर तिला त्याच क्षणी कळलं असतं. काहीतरी लिहायलाच हवं होतं, तेवढ्याच लांबीचं. मी लिहिलं: 'दुसऱ्याच्या आनंदातच माझा आनंद आहे. सेवेतच खरे सुख असते. दिवा जसा स्वतः जळून इतरांना उजेड देतो तसे हे आहे.'

आयुष्यभर पुस्तकांत राहिलेल्या माझ्या हातून असलं शाळकरी वाक्य गेलं. तेही न दिसणाऱ्या मुलीच्या उत्तरपत्रिकेत, दिव्याचं.

वैजयंता पुढे सांगत होती. "यावरून त्या स्वार्थी ठरतात काय? प्रश्नचिन्ह. मला तसे वाटत नाही. पूर्णविराम. कारण त्या तीन तासांत त्या देवळात जाऊ शकल्या असत्या, स्वल्पविराम, बहिणीकडे जाऊन झोपू शकल्या असत्या. पूर्णविराम. त्यांनी माझा पेपर निवडला. पूर्णविराम. परंतु त्या निःस्वार्थी आहेत असेही मला म्हणता येत नाही, स्वल्पविराम, कारण तसे त्या स्वतःच म्हणत नाहीत. पूर्णविराम."

हे मी जसंच्या तसं लिहिलं. पण आता त्याला अर्थ राहिला नव्हता. कुठले तीन तास? झोपायला बहिणीकडे का जायचं? दिव्यानंतर एकदम देऊळ कुठून आलं? त्या उत्तराचा कणा मी काढून घेतला होता, आणि तपासणाऱ्याला वाटलं असतं की ही मुलगी भरकटली.

"वाचून दाखवा," वैजयंता म्हणाली.

मी वाचून दाखवलं. तिथं आल्यावर कागदाकडे बघायची गरजच नव्हती. माझ्या घरी अंथरुणाला खिळलेला माणूस आहे. पेपरच्या तीन तासांत मला कोणी हाक मारत नाही. मी तुमच्यासाठी येत नाही, त्या तीन तासांसाठी येते. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

पंख्यानं लेझमी वाजत होत्या.

"ठीक आहे," ती म्हणाली. "प्रश्न पाचवा."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. ती मी मावशीला सांगितलेली नाही, कुणालाच नाही. सकाळी दवाखान्याच्या पायऱ्या उतरले तेव्हा समोर रसवंती होती. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते. मी रस्ता ओलांडून तिथं गेले, बाकावर बसले आणि आलं-लिंबू घातलेला मोठा ग्लास रस बर्फ घालून प्यायले. सावकाश. मग आणखी अर्धा घेतला. समोरून सांगलीची एक बस गेली, ती मी जाऊ दिली. त्या बाकावर मला आठवण ना आईची आली ना वैजयंताची. एवढंच वाटत होतं की आता चार तास मला कुणी 'पेशंटचे नातेवाईक' म्हणून हाक मारणार नाही.

तीनला पेपर सुटला. उत्तरपत्रिका बंद करताना मला चौथ्या उत्तरातल्या त्या तीन ओळी खोडता आल्या असत्या. मार्जिनमध्ये खरं वाक्य लिहिता आलं असतं. शेवटची दहा मिनिटं तर आम्ही नुसत्या बसून होतो. मी पेनाचं टोपण लावलं.

दारात भाऊ आला होता. वैजयंतानं माझा हात धरला, दाबला आणि म्हणाली, "जावा ताई. लवकर जावा."

मिरजेला पोचले तेव्हा मावशी खोलीबाहेरच्या बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर आईचा चष्मा आणि बांगड्या होत्या, हातरुमालात बांधलेल्या. मी लांबूनच थांबले. तिनं मला बघितलं आणि बाकावर सरकून जागा केली.

"दोनला वीस कमी होते," ती म्हणाली.

चौथा प्रश्न.

मग ती मला हळूहळू सगळं सांगत गेली. एकच्या सुमाराला आई अस्वस्थ व्हायला लागली. सिस्टर येऊन गेली, डॉक्टर येऊन गेले. मावशीनं ठरवलं की आता कॉलेजात फोन करायचा, काय व्हायचं ते होवो. नंबर तिच्या पर्समध्ये होता. ती उठली, तशी आईनं तिचं मनगट धरलं. कुठून आला तेवढा जोर देव जाणे, मावशी म्हणाली. मास्क बाजूला करून म्हणाली, "हाक मारू नको तिला." एवढंच. त्यानंतर काही बोलली नाही.

"शेवटच्या श्वासाला त्या आंधळ्या पोरीचा पेपर," मावशी म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "असं माणूस व्हायचं नाही गं."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. हाक मारू नको तिला. मावशीनं त्या दिवसांत आलेल्या प्रत्येकाला ते वाक्य सांगितलं. लोक डोळे पुसायचे आणि मग माझ्याकडे वळायचे. आई तशी गेली आणि लेक तिचं काम करत होती, म्हणायचे. खाण तशी माती. कुंभोजकर आले होते, त्यांनी मला हातच जोडले. मी मान खाली घालून बसायचे. आईनं ते वाक्य वैजयंताच्या पेपरसाठी म्हटलं असेल. ते साधं आहे आणि तसंच असेल. पण दुसराही एक अर्थ होता. तो कळायला जे ठाऊक हवं ते मावशीला ठाऊक नव्हतं. ते एका वाक्यात होतं, आणि ते वाक्य मी कागदावर येऊ दिलं नव्हतं.

बाराव्या दिवशी वैजयंता आली. भाऊ बाहेर मोटरसायकलपाशी थांबला. मी तिला आत आईच्या खोलीत नेलं. तिनं हातानं पलंगाची कड चाचपली आणि खाली सतरंजीवरच बसली. मी पाणी दिलं. ती प्यायली नाही.

"ताई, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"बोल ना."

"काकूंना ताप न्हवता, हे मला त्या दिवशीच कळलंवतं. तुमच्या हाताला दवाखान्याचा वास हुता." मग जरा थांबून ती म्हणाली, "आन् तोंडाला आलं-लिंबाचा."

मला वाटलं, आता ही मुलगी उठून सगळ्यांना सांगेल.

"ऊन हुतं त्या दिवशी," ती म्हणाली. "मी म्हणायला पायजे हुतं की ताई, माघारी जावा. पेपर काय, पुन्हा देता येतोय. तोंडापर्यंत आलंवतं. न्हाई म्हणले. मला पास व्हायचं हुतं."

"आईनंच मला पाठवलं होतं."

"ते मला कुठं ठावं हुतं? मी माझं बघितलं."

बाहेर भावानं हॉर्न वाजवला. ती उठली नाही.

"आणि चौथ्यातलं ते वाक्य तुम्ही लिहिलं न्हाई."

तिनं न प्यायलेल्या पाण्याचा पेला माझ्या हातात होता, तो मी खाली ठेवला. "कशावरून?"

"पेन थांबलं न्हाई. आपल्या आईचं असं काही ऐकल्यावर कुणाचं बी पेन थांबंल. तुमचं सरसर गेलं. म्हणजे तुम्ही माझं ऐकतच न्हवता, दुसरंच लिहीत हुता."

"मग तू तिथंच का नाही बोललीस? पर्यवेक्षिका होत्या. खोडून घेता आलं असतं."

ती बराच वेळ विचार करत होती. तिला खरंच आठवून बघायचं होतं, असं तिच्या तोंडावरून दिसत होतं.

"एकदा वाटलं, एम.ए.वाल्या हाईत, माझ्यापेक्षा चांगलंच काहीतरी घातलं आसंल, दोन मार्क जास्तच पडतील. आणि एकदा वाटलं, त्यांच्या आईचं हाय, राहू दे, कशाला दुखवायचं. दोन्ही वाटलं. पण आधी कुठलं वाटलं, ते आता सांगता येत न्हाई मला."

"मी चांगलं काही घातलं नव्हतं," मी म्हणाले.

"काय लिहिलंवतं?"

मी तिला दिव्याचं वाक्य सांगितलं. ती तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. हसता हसता रडली. मीही हसले. पुढच्या खोलीतून मावशी येऊन दारात उभी राहिली, बघून गेली. तिला वाटलं, आम्ही दोघी आईच्या आठवणीनं रडतोय. ते खोटंही नव्हतं.

जूनमध्ये निकाल लागला. वैजयंताला शंभरात एक्केचाळीस पडले. चौथ्या प्रश्नाला किती, ते कळायची सोय नव्हती. ती पुण्याला गेली, तिचा कोर्स झाला, आता लातूरकडे एका शाळेत ती शिक्षिका आहे. दिवाळीला तिचा फोन येतो. त्या दिवसाचं आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

मी मात्र त्या वाक्यापाशीच अडकून राहिले. बाबांच्या चमच्यापासून आई तीन तास सुटायला जायची, हे मला हळूहळू समजलं, आणि खरं तर आवडलंही. पण बाबा गेल्यावरही दोन वर्षं ती जात होती. तेव्हा घरात पेला वाजत नव्हता. तेव्हा तिला हाक मारणारं घरात एकच माणूस होतं. संध्याकाळी वाचनालयातून आले की दारातूनच मी आई, आई म्हणत आत शिरायचे. चहा, माझा चष्मा, आज काय झालं, कोण काय बोललं. मग ती शेवटी कुणापासून सुटायला जात होती? की तोवर तिला ते काम नुसतंच आवडायला लागलं होतं? तिला विचारता आलं असतं, तेव्हा मला हे माहीत नव्हतं.

पुढच्या मार्चमध्ये कुंभोजकरांनी वाचनालयात निरोप पाठवला, एका मुलाला लेखनिक मिळत नाही, याल का. मी गेले. तेव्हापासून जाते आहे. आता बावीस वर्षं झाली. मावशी होती तोवर सगळ्यांना सांगायची, आईचा वसा चालवते. कुंभोजकर निवृत्त झाले, त्यांच्या जागी एक बाई आल्या, त्यांच्या जागी आणखी कुणी. नियम बदलले. आता एम.ए.ची आणि पीएच.डी.ची मुलंही येतात, त्यामुळे नेहमी बारावी सांगावं लागत नाही. पेन तेच आहे. निब दोनदा बदललं. मुलं चुकली की ते हळू होतं. मी मुद्दाम करते का, असं एका मुलीनं विचारलं, तेव्हा मी तिला म्हणाले, लिहिता लिहिता मला डुलकी येते.

आईकडे निदान कारण होतं. तीन तास तिला कुणी हाक मारत नसे. मी पेपर संपवून घरी येते, कुलूप उघडते, पेन धुऊन खिडकीत वाळत ठेवते. घरी मला हाक मारणारं कुणी नाही. तरी मी जाते.